कळतं, पण वळत नाही

मागच्या हिवाळ्यात एका रात्री दवाखान्याचे शटर ओढत असताना एक ओळखीचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीतला. उजव्या हाताला रक्ताने भिजलेला रुमाल. कॉलेजात परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत टळून गेली होती. घरच्यांनी तीनदा आठवण केली होती आणि तिन्ही वेळा तो 'भरतो' म्हणाला होता. वडिलांनी कानाखाली दिली, मुलाने खिडकीच्या काचेवर मूठ मारली आणि घर सोडले. दोन तासांनी तो एसटी स्टँडवर सापडला.

मी टाके घालत होतो आणि तो हुंदके देत एकच वाक्य म्हणत होता, "मला भरायचाच होता हो, काका."

त्याचे म्हणणे खरे होते आणि ते मला आठ वर्षांपूर्वीच ओळखता यायला हवे होते. तो चौथीत असताना त्याची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली होती. एका जागी बसत नाही, डबा-दप्तर विसरतो, जरा काही बोलले की आदळआपट करतो. मी टॉनिक लिहून दिले आणि "हुशार आहे, थोडी शिस्त लावा, मोठा झाला की सुधारेल" असे सांगून त्यांना परत पाठवले. आज त्या सल्ल्याची मला लाज वाटते.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी असल्याचे निदान केले. लक्ष एका ठिकाणी न टिकणे, अति चंचलता आणि मनात आले की करून मोकळे होणे ही त्याची लक्षणे. हे मोबाइलच्या जमान्यातले नवे खूळ नव्हे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांचे वर्णन आपल्या व्याख्यानांत केले होते. जगभरात शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या बाहेरील थराची वाढ सरासरी तीन वर्षे मागे असल्याचे दिसले. म्हणजे मिसरूड फुटलेले दिसते, पण स्वतःला आवरण्याची ताकद अजून कोवळीच असते.

'कळतं, पण वळत नाही' असे आपण सहज बोलून जातो. या त्रासाचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे, की या मुलांना उपदेश करून काही साधत नाही. उपदेश कळण्यासाठी असतो आणि या मुलांना कळलेले असतेच. मदत हवी असते ती वळण्यासाठी, आणि तीही काम जिथे करायचे त्या जागी, त्या वेळेला.

याचा अर्थ काय, ते घरातल्या उदाहरणांनी सांगतो. "आवर, आंघोळ कर, दप्तर भर आणि येताना दूध आण" अशी चार कामे एका दमात सांगू नका. एक काम सांगा. ते झाले की दुसरे. सकाळच्या कामांची यादी मोठ्या अक्षरात मोरीच्या दाराशी लावा. किल्ली, पाकीट आणि ओळखपत्र यांची जागा एकच, दारामागचा खिळा. 'थोड्या वेळाने' हा शब्द या मुलांसाठी नाहीच. मोटर बंद करायची असेल तर गजर लावा. अभ्यास वीस मिनिटे, मग पाच मिनिटे उठून फिरणे. त्या वेळी वडिलांनी शेजारी नुसते पेपर वाचत बसले तरी फरक पडतो. आणि काम झाले की तिथेच दोन शब्द कौतुकाचे. महिन्याअखेरच्या सायकलीचे आमिष या मुलांना फार लांबचे वाटते.

आता रागाविषयी. या मुलांचा राग पेंढ्याच्या आगीसारखा असतो. भडकतो लवकर, विझतोही लवकर. मागे राहते ती शरम. राग चढलेला असताना वाद घालू नका, जुने हिशेब काढू नका. आवाज खाली आणा. शांत वेळी आधीच एक खूण ठरवून ठेवा. हात वर केला, की मुलाने ओट्यावर जाऊन पाणी प्यायचे आणि मोठ्यांनी त्याच्या मागे जायचे नाही. तासाभराने बसून मोजकेच बोला: काय झाले, कशाचे वाईट वाटले, आता काय निस्तरायचे. सांडले असेल तर त्याने पुसावे. पुरेशी झोप आणि रोजचा घाम निघेल असा खेळ यांनीही डोके थंड राहायला मदत होते.

"म्हणजे लाडावून ठेवायचं का?" असे त्या वडिलांनी मला विचारले. मी म्हटले, "परसातल्या वेलाला मांडव घालता, तेव्हा त्याचे लाड करता का?" शिस्त हवीच. पण शिस्त म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ठरलेले परिणाम. मारामुळे मुलगा फार तर खोटे बोलायला शिकतो.

मात्र एक सावधगिरी. प्रत्येक हूड मुलाला हे लेबल चिकटवू नका. लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. घरात आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावी लागतात. कमी ऐकू येणे, अपुरी झोप किंवा उदासीनता यांमुळेही लक्ष लागत नाही. मुलींमध्ये धावपळ कमी दिसते. ती 'वेंधळी' म्हणून वर्गात मागच्या बाकावर राहून जाते. औषधे आहेत आणि अनेकांना ती चांगली लागू पडतात. पण ती तज्ज्ञांनीच सुरू करावीत, कारण भूक, झोप, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या त्रासाचा समावेश आहे, तेव्हा सरकारी रुग्णालयात जरूर विचारा. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

त्या मुलाचा फॉर्म विलंब शुल्क देऊन भरला गेला. परवा वडील भेटले. म्हणाले, "काल परत मोटर चालू राहिली, डॉक्टर. टाकी वाहिली, अंगणभर पाणी." मी विचारले, "मग?" ते हसले. "मी ओरडणार होतो. पण त्याच्या आधी मीच ओट्यावर जाऊन पाणी प्यायलो. आत आलो तर पोरगं खराटा घेऊन अंगणात."

पालकहो, तुमच्या घरात असा एखादा 'आळशी' असेल, तर रात्री त्याच्याशेजारी बसून एकदा विचारा, "तुला करायचं होतं का रे?" आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मी ठेवला नव्हता.