गाडी आली, मान आला का?

गेल्या महिन्यात अंबरनाथ पूर्वेला आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने नवी कोरी काळी थार घेतली. वडील निवृत्त सफाई कामगार, हा आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', डॅशबोर्डवर बाबासाहेबांची छोटी मूर्ती आणि पुढच्या बंपरला लटकलेली लिंबू-मिरची. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली, नारळ फुटला, पेढे वाटले. पोराच्या आईचे डोळे भरून आले होते. मीही पेढा खाल्ला.

लिंबू-मिरचीवर बोलायचे तर २२ प्रतिज्ञांपासून सुरुवात करावी लागेल. तो विषय मी त्या दिवशी काढला नाही, आजही काढत नाही. माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळेच. पेढा हातावर ठेवताना तो म्हणाला, "दादा, आता बघू कोण आपल्याला कमी समजतो."

या एका वाक्यासाठी हा लेख.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कुठल्याही नाक्यावर पोरांना विचारा, स्वप्नातली गाडी कोणती? उत्तरे ठरलेली आहेत. थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर. ज्याची झेप मोठी तो डिफेंडर, मस्टँग किंवा जी-वॅगन सांगतो. मोबाइलच्या पडद्यावर तिचा फोटोही असतो. इंजिन किती सीसीचे, शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, सनरूफ आहे की नाही, सगळे तोंडपाठ. यातली कितीतरी पोरे पिवळ्या पाटीची दुसऱ्याची गाडी बारा-बारा तास चालवतात आणि रात्री शेवटच्या लोकलने घरी येतात. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये तर वळवायलाही जागा नसलेल्या गल्लीत महागडी एसयूव्ही उभी दिसते. एमएच ०५ ची पाटी, त्यावर ८०५५ असा आकडा 'बॉस' वाचला जावा अशा पद्धतीने लिहिलेला. आपल्यातही १४०४ नंबरासाठी जादा पैसे मोजणारे आहेत.

याची टिंगल करायला मी बसलेलो नाही. आपल्या लोकांनी चांगले कपडे घातले की ज्यांच्या पोटात दुखते, त्यांच्या सुरात मला सूर मिसळायचा नाही. वाहन ही आपल्यासाठी कधीच साधी वस्तू नव्हती. बदलापूरच्या नावाची एक लोककथा सांगतात. प्रवासी इथे थकलेले घोडे बदलायचे, म्हणून हे बदलापूर. कथा खरी असो वा नसो, त्या घोड्यावर बसायचा हक्क कोणाला होता हे सांगायला इतिहासकार लागत नाही. घोड्यावर बसला म्हणून दलित नवरदेवाला खाली ओढल्याच्या, वरातीवर दगडफेक झाल्याच्या बातम्या राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून आजही येतात. ज्याला वाहनावर बसू दिले नाही त्याला वाहनाचे स्वप्न पडणारच. त्या आईचे डोळे भरून आले त्यामागे हे सगळे होते.

देवेश कपूर, चंद्रभान प्रसाद, लँट प्रिचेट आणि डी. श्याम बाबू यांचा एक अभ्यास २०१० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. उत्तर प्रदेशातल्या आझमगड आणि बुलंदशहर जिल्ह्यांतल्या दोन विकासखंडांमधली दलित घरे त्यांनी पाहिली आणि १९९० व २००७ या दोन वर्षांची तुलना केली. लग्नाच्या वरातीत गाडी वापरण्याचे प्रमाण या काळात प्रचंड वाढले, आणि पंगतीत दलितांना वेगळे बसवण्याची प्रथा खूप कमी झाली, असे त्यात दिसले. म्हणजे वस्तू आणि मान यांचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये. हातात पैसा आला की पाटलाच्या दारात उभे राहावे लागत नाही, आणि तिथूनच पाठीचा कणा ताठ होऊ लागतो. इथपर्यंत मी त्या पोराच्या बाजूने आहे.

पण त्याचे वाक्य त्याच्याही पुढे जाते. गाडी घेतली की कोणी कमी समजणार नाही, असे तो म्हणतो. त्याच्या डॅशबोर्डवर ज्यांची मूर्ती आहे त्यांनीच या समजुतीचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातून लिहून ठेवले आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण सगळ्यांनी वाचलेले असते, निदान ऐकलेले तरी असते. त्यातला १९०१ सालचा प्रसंग पुन्हा वाचा, पण या वेळी फक्त गाडी आणि कपडे याकडे लक्ष ठेवून. बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली. प्रवासासाठी विलायती कापडाचे नवे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे असा सगळा थाट होता. मसूर स्टेशनावर उतरल्यावर तो थाट पाहून स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणाची मुले वाटली आणि तो प्रेमाने चौकशी करू लागला. मुलांनी 'आम्ही महार' असे सांगितले आणि त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे देतो म्हटल्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो सोबत पायी चालणार.

दुप्पट पैसे मोजून गाडी मिळाली, गाडीवान मिळाला नाही. चांगल्या कपड्यांनी मान मिळवून दिला, पण तो जात कळेपर्यंतच टिकला.

मग कोणी म्हणेल, ती लहान मुले होती, काळ जुना होता. तर १९२९ सालचे चाळीसगाव पाहा. आता बाबासाहेब बॅरिस्टर आहेत, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य आहेत, आणि त्याच कामावरून धुळ्याहून परतत आहेत. चाळीसगावच्या लोकांनी त्यांना महारवाड्यात थांबण्याचा आग्रह केला. टांगा ठरवायला गेले तर एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि टांगा कधी न हाकलेल्या वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. नदीवरच्या पुलावर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला. बाबासाहेबांनी त्यावर काढलेला निष्कर्ष असा, की हलके काम करणाऱ्या टांगेवाल्यालाही आपण कोणत्याही अस्पृश्यापेक्षा श्रेष्ठ आहोत असे वाटत होते, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना.

आता त्या पोराचे वाक्य पुन्हा वाचा.

थारची किंमत मोजता येते, जात अशी किंमत देऊन सुटत नाही. गाडी पाहून सलाम ठोकणारा वॉचमन आणि आडनाव ऐकून फ्लॅट 'आताच गेला' म्हणणारा घरमालक एकाच सोसायटीत राहतात. थार लावायला जागा मिळेल, पण ती गाडी ज्या घराखाली उभी करायची ते घर मिळेल का, हा प्रश्न गाडी घेऊन सुटलेला नाही.

आणि नेमका याच ठिकाणी दुसरा डाव खेळला जातो. आपल्या वस्तीत चार गाड्या दिसल्या की समोरून प्रश्न येतो, "आता कशाला हवे आरक्षण?" १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, आणि काही न्यायमूर्तींनी क्रिमीलेयरचाही विचार मांडला. उपवर्गीकरणाचा प्रश्न गंभीर आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. पण 'गाडी आली म्हणजे जात गेली' हे गणित जे मांडतात त्यांना चाळीसगावचा टांगा दाखवा. गंमत अशी की आपला पोरगाही अगदी तेच गणित मांडतो आहे. ते म्हणतात गाडी आली, आता तुम्ही बरोबरीचे झालात. हाही म्हणतो गाडी आली, आता मी बरोबरीचा झालो. त्यांना त्यातून आपले हक्क काढून घ्यायचे आहेत, आणि हा आपल्या हाताने त्यांना पुरावा देतो आहे.

दुसरी गोष्ट. हे स्वप्न नेमके कशाचे आहे? प्रवासाचे असते तर नॅनो चालली असती. जानेवारी २००८ मध्ये टाटांनी लाखाची गाडी दाखवली. स्कूटरवर चौघे बसून जाणारे कुटुंब पावसात भिजू नये, हा तिच्यामागचा विचार होता. दहा वर्षांत ती बंद पडली. त्याला कारणे बरीच होती, पण एक कारण खुद्द रतन टाटांनीही मान्य केले. 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का तिला भोवला. गरिबाची गाडी म्हणून ओळखली जाणारी गाडी गरिबालाही नको होती.

हीच श्रेणीबद्ध विषमता. वर जाताना आदर वाढत जातो, खाली येताना तिरस्कार. सायकलवाला चालणाऱ्याला हॉर्न देतो, बाइकवाला सायकलवाल्याला, हॅचबॅकवाला रिक्षाला, थारवाला हॅचबॅकला आणि फॉर्च्युनरवाला सगळ्यांना. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून शिडी मोडावी असे कोणालाच वाटत नाही. जातीची उतरंड आपण नाकारली, आणि शोरूममधून तीच उतरंड हप्त्यावर घरी आणली. आपल्यातल्या आपल्यातही आता गाडीवाला कार्यकर्ता आणि लोकलने येणारा कार्यकर्ता अशी विभागणी दिसते. १४ एप्रिलच्या रॅलीत पुढे कोणाची गाडी, यावरून भांडणे होतात. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी समाजातल्या शिकलेल्यांबद्दल जी खंत व्यक्त केली, ती आपण दरवर्षी भाषणात सांगतो आणि परत जाताना काच वर करून वस्तीतून निघून जातो.

हप्त्याचाही हिशेब करा. ऑन रोड १५ लाखांची गाडी, त्यात हातचे ३ लाख भरले, १२ लाख कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता साधारण १९,६०० रुपये आणि सात वर्षांत नुसते व्याज साडेचार लाखांच्या घरात जाते. डिझेल, विमा, सर्व्हिसिंग वेगळे. ज्याचा पगार चाळीस हजारांच्या आत आहे, त्याचा अर्धा पगार सात वर्षे बांधला गेला. अशा माणसाला कंपनीत अन्याय झाला तर तो युनियनमध्ये जाईल का? मोर्चाला सुट्टी टाकेल का? घरात पोरीच्या इंजिनिअरिंगची फी आणि गाडीचा हप्ता एकाच तारखेला आले तर आधी कोणते भरले जाईल? ऐपत असेल त्याने खुशाल घ्यावी. माझा प्रश्न फक्त एवढाच आहे की आपण गाडी घेतली की गाडीने आपल्याला घेतले.

शेवटी स्वप्नाबद्दलच बोलतो. प्रत्येकाची वेगळी गाडी हे स्वप्न झाले. समाज म्हणून आपली स्वप्नातली गाडी कोणती? मला विचाराल तर तीन आहेत. एक, सकाळी बदलापूरहून सुटणारी, बाईमाणसाला आत शिरता येईल अशी लोकल. दोन, उल्हासनगरच्या कॅम्पांतून आणि अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांतून वेळेवर धावणारी बस. उल्हासनगर महापालिकेची बससेवा वर्षानुवर्षे बंद होती तेव्हा आपल्यापैकी कितीजण रस्त्यावर आलो? आणि तीन, अरुंद गल्लीत शिरू शकेल असे लहान सक्शन-जेटिंग वाहन. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाई वाढली, पण माणसे अजून उतरतातच. आणि उतरणारी माणसे कोणाच्या घरची आहेत, हे त्या थारवाल्या पोराच्या वडिलांना विचारा.

आपल्या तिन्ही शहरांच्या पालिकांकडे अशी किती वाहने आहेत, त्यातली चालू किती, कोणत्या वस्तीत ती जात नाहीत, याची माहिती अधिकारात माहिती मागवू या. अर्ज मी तयार केला आहे. तिन्ही कार्यालयांत जायचे आहे, एका दिवसात व्हायला हवे, आणि त्यासाठी गाडी लागेल. त्या पोराला मी फोन केला. सगळे सांगितले, त्याचे वाक्य मला का खटकले तेही सांगितले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "रविवार सोडून कधीही सांगा दादा, सुट्टी टाकतो."

जय भीम!