रेसिंगचा स्क्रू हा उपाय नव्हे

मूठ सोडली तरी जुनी आरएक्स १०० सिग्नलला किंचाळतच राहते. बहुतेक ठिकाणी रेसिंगचा स्क्रू सैल करतात आणि गाडी परत देतात. मी गॅरेजवालाच आहे, पण या पद्धतीची मला चीड येते.

आधी गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. रेस वाढली, तर दोष अ‍ॅक्सिलरेटर केबलचा. नाही वाढली, तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड बघा. १९९६ साली बनणं थांबलेली ही गाडी. मूळ रबर कडक झालेलंच असतं. वरून धड दिसतं, पण बोटाने दाबून वाकवलं की केसासारख्या भेगा उघडतात. तिथे साबणाच्या पाण्याची बारीक पिचकारी मारा. रेस क्षणभर उतरली की समजा, गाडी तिथूनच हवा खातेय.

या जादा हवेने मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम होऊ शकतो. जोड स्वस्तात मिळतो. बोअर-पिस्टनचं काम हजारांत जातं. म्हणून मेकॅनिकने नुसता स्क्रू फिरवला, तर हवा कुठून येते ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका.