आतड्यांची दुर्बीण तपासणी

शौचावाटे रक्त पडले की आपल्या घरांत ‘मूळव्याध असेल’ म्हणून मोकळे होतात. मग इसबगोल, मग कुणाचा तरी खात्रीचा लेप. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी लिहून दिली की चिठ्ठी कपाटात जाते. यात दुखण्याच्या भीतीपेक्षा शरमच जास्त, असे आम्हाला वाटते. अम्मी, खाला, फुफी यांचे तर विशेषच.

खरी मेहनत आदल्या दिवशी घरातच असते. दोन-तीन दिवस आधी बिया, साली, पालेभाज्या, कोशिंबीर बंद. आदल्या दिवशी गाळलेली यखनी, शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा, इतकेच. लाल सरबत नको, रूहअफजाही नको; आत तो रंग रक्तासारखा दिसतो. जुलाबाची पावडर बहुधा 2 लिटर पाण्यात कालवून देतात, अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. चव वाईटच. गार करून घोट घोट प्यावी. घरात संडास एकच असेल तर सगळ्यांना आधी सांगून ठेवा! शेवटी नितळ पिवळसर पाणी पडले म्हणजे पोट साफ. मळ राहिला तर आतले दिसत नाही आणि सारे पुन्हा करावे लागते.

मधुमेहाची, रक्त पातळ करणारी आणि लोहाची औषधे चालू असतील तर तारीख घेतानाच विचारा. मनाने बंद करू नका. या तयारीत रोजा धरता येत नाही. तारीख रमजाननंतरची मागावी, पण डॉक्टर थांबू नका म्हणाले तर थांबू नये. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहेच.

तपासणीला गाऊन देतात, अंगावर चादर असते, डाव्या कुशीवर निजवतात. स्त्री डॉक्टर हवी असल्यास आधीच सांगावे. त्या नसतील तर खोलीत नर्सबाई असू द्या म्हणावे. संकोच कशाचा? बहुधा गुंगीचे इंजेक्शन देतात. नळी बोटाएवढी जाड, लवचीक. अर्ध्या-पाऊण तासात काम होते. आत मांसाचा कोंब दिसला तर बहुतेकदा तिथेच काढतात, ते जाणवत नाही. असे काही कोंब पुढे कर्करोगात बदलतात, म्हणून तर ही खटपट.

नंतर पोट फुगते, वारा सरला की बरे वाटते. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नये. सोबत घरचे कुणी हवेच. पोटात जोराची कळ, ताप किंवा खूप रक्त पडले तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.