वकिलाच्या हातातली अमानत

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. पतीच्या इंतकालानंतर रस्त्यालगतच्या वीस गुंठ्यांसाठी दिरांशी वाटणीचा दावा सुरू झाला. वकिलाने रोख रक्कम घेतली, पावती दिली नाही. पुढे म्हटले, ‘‘जिंकलो तर पाच गुंठे माझे.’’ त्यांनी नकार देऊन वकील बदलायचे ठरवले, तेव्हा ‘आधी उरलेली फी, मग कागद’ असे उत्तर मिळाले. त्या विचारतात, ‘‘दाद कुठे मागू? वकिलाविरुद्ध कोणता वकील उभा राहील?’’

‘वकील’ हा शब्द आपल्या घरात कोर्टाच्या आधी निकाहात ऐकू येतो. वकील मुलीची रजामंदी विचारतो आणि तिने कबूल केले तेवढेच काझीसाहेबांसमोर सांगतो. महरची रक्कम आपल्या मनाने कमीजास्त करत नाही. कोर्टातला वकीलही दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस आहे. अशिलाचे कागद, पैसा आणि गुपित ही त्याच्याकडची अमानत आहे.

कायदाही हेच सांगतो. १९६१च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वर्तनाचे नियम केले आहेत. निकालावर अवलंबून फी ठरवू नये, दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा मागू नये, अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा, एका पक्षाला सल्ला देऊन त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाकडून उभे राहू नये. म्हणजे पाच गुंठ्यांची मागणीच नियमाविरुद्ध आहे. कागदांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना खटल्यात स्पष्ट सांगितले की, फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवता येत नाही. तसे करणे हे गैरवर्तन आहे. थकलेल्या फीसाठी त्याला वेगळा मार्ग आहे.

हे नियम नुसते कागदावर नाहीत. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात अशिलांना गाठून त्यांचे कागद ओढणाऱ्या वकिलांवर महाराष्ट्र बार कौन्सिलने कारवाई केली. ते दाभोलकर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ साली न्यायालयाने अशी ओढाताण या पेशाला शोभत नाही असे ठणकावले.

आता दाद कुठे मागायची? ग्राहक आयोगात नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निकाल दिला आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. ती मराठीत चालते. सही आणि सत्यापन मात्र हवे. तक्रारीत तथ्य वाटले तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. तिथे तक्रारदाराला स्वतः बोलता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते किंवा सनदच काढून घेऊ शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांत तिथेच अपील करता येते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. दावा हरला म्हणजे वकील बेइमान ठरत नाही. प्रामाणिक चूक आणि गैरवर्तन यांत फरक आहे. रागाच्या भरात खोटी तक्रार करणे हीसुद्धा एक खियानतच. दुसरे, समितीच्या शिक्षेने गेलेली जमीन परत येत नाही. म्हणून दावा थांबू देऊ नये. जुना वकील नव्याला संमती देत नसेल, तर कारण सांगून कोर्टाची परवानगी मागता येते.

ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. मुंबईची फेरी वाचली, तशी कोर्टाची पायरी चढणारी घरेही वाढतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच: मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा, कागद दिल्याची पोच घ्या, प्रत्येक रुपयाची पावती मागा, कोऱ्या कागदावर सही करू नका. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपण निकाहातही महर लिहून घेतो आणि दोन साक्षीदार बसवतो.

त्या भगिनीला आम्ही कळवले आहे: आधी कागद मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. वीस गुंठे तुमच्या लेकरांचा हक्क आहे. संकोचापायी तो सोडू नका.