खालून वर जाणाऱ्या भेटी

शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांवाचून महाविद्यालयातील एखादा समारंभ पार पडला असे सहसा घडत नाही, आणि त्याविषयी कुरकुर करणारा माणूस कोत्या मनाचा ठरतो. परंतु भेट कोणी कोणाला दिली, एवढे विचारले की चित्र पालटते. प्राध्यापकाने शिपायाच्या मुलीच्या लग्नात साडी दिली तर ती भेट होय. उलट, प्राचार्यांच्या निरोप समारंभासाठी कार्यालयात फिरवलेल्या वहीवर, आपल्या नावापुढे रक्कम आधीच लिहिलेली पाहून, शिपाई मुकाट्याने सही करतो, तेव्हा त्या रकमेला भेट म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे. ती वसुली आहे.

ही वसुली कोणाच्या खिशातून होते, हे पाहण्यासाठी आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावाकडे पाहावे. तेथील कास्तकाराचा मुलगा पुलगाव, आर्वी, वर्धा अशा पायऱ्या चढत पीएच.डी.पर्यंत पोहोचतो. प्रबंधाचे कष्ट त्याचे असतात. पण मौखिक परीक्षेचा दिवस उजाडतो तो यजमानपद घेऊन. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांच्या प्रवासखर्चाची तरतूद विद्यापीठाकडे असते. तरीही हॉटेलातील मुक्काम, विभागातील सर्वांचे जेवण, मार्गदर्शकांच्या घरी मिठाई आणि निघताना गाडीत ठेवायची संत्र्यांची पेटी हे सारे उमेदवाराने करावे, असा अनेक ठिकाणी अलिखित दंडक आहे. कोणी काही मागत नाही, आणि मागावे लागत नाही यातच या पद्धतीचे सामर्थ्य आहे. आधीच्या उमेदवाराने काय केले, हे पुढच्याला ठाऊक असते. घरी कापसाचा चुकारा हाती येतो, तेव्हा त्यातील एक वाटा विद्वत्तेच्या या पंगतीसाठी बाजूला काढून ठेवला जातो. हा मुलगा पुढे तासिका तत्त्वावर अध्यापक झाला की संस्थाध्यक्षांच्या वाढदिवसाची वर्गणी त्याच्या वाट्याला येते. पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही, हे त्याच अध्यक्षांच्या हाती असते.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. शासकीय महाविद्यालयांतील नोकरवर्गाला ‘महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९’ लागू आहेत. त्यांत भेट म्हणजे केवळ वस्तू नव्हे. फुकट प्रवास, निवास व भोजन यांचाही त्यात समावेश होतो. प्रासंगिक जेवण वा वाटेत गाडीत घेणे यांना सूट आहे; पण ज्यांच्याशी कार्यालयीन संबंध येतो त्यांचा डामडौलाचा वा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा, असे नियमच बजावतो. परंतु राज्यातील बहुसंख्य अनुदानित महाविद्यालये खाजगी संस्थांची आहेत. तेथे पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि मालकी अध्यक्षांची चालते. तेव्हा नोकर कोणाचा आणि शिस्त कोणाची, हा घोळ कायम राहतो.

या घोळाची किंमत १९७२ साली दिसली. गुजरातमधील एका शासकीय महाविद्यालयाच्या अध्यापकाने विद्यापीठाचा परीक्षक म्हणून गुण वाढविण्यासाठी ५०० रुपये घेतल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ परीक्षक म्हणून काम करणारा मनुष्य त्या वेळच्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे लोकसेवक ठरत नाही, असा निर्णय होऊन तो सुटला. पुढे १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने ही फट बुजवली. कुलगुरूपासून अध्यापकापर्यंत, आणि परीक्षेच्या कामासाठी विद्यापीठाने ज्याची सेवा घेतली त्या प्रत्येकापर्यंत, लोकसेवकाची व्याख्या पोहोचली. एवढेच नव्हे, तर सरकारी साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचे पदाधिकारीही तिच्यात आले. आपला अध्यक्ष कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक आहे, हे किती कर्मचाऱ्यांना माहीत आहे? बहुधा अध्यक्षांनाही नसावे.

कायदा रुंदावला म्हणून व्यवहार सुधारला, असे मात्र झाले नाही. नागपूर विद्यापीठातील पुनर्मूल्यांकनाचा गुणघोटाळा उघडकीस आला तो १९९९ साली, म्हणजे हा कायदा होऊन अकरा वर्षांनी. आणि २०१८च्या दुरुस्तीने तर एक नवी अडचण उभी केली. आता देणाराही गुन्हेगार. त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्याला देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तरच त्याची सुटका. ठेकेदाराच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण ज्याची पदवी, पाने तपासून होण्याची वाट पाहत, मार्गदर्शकाच्या टेबलावर पडली आहे, त्या विद्यार्थ्याने सात दिवसांत पोलिसांकडे जावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी विद्यापीठाचा व्हरांडा पाहिलेला नाही. दुर्बलाला सबळाच्या बरोबरीने आरोपी करणे म्हणजे समता नव्हे.

मुळात भेटीचे माप रुपयांत घेण्यातच चूक आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी, संमतीवाचून घेता येणाऱ्या भेटीची मर्यादा २०१९ साली ‘अ’ व ‘ब’ गटांकरिता ५,००० आणि ‘क’ गटाकरिता २,००० रुपये करण्यात आली. म्हणजे अधिकार मोठा तशी भेटही मोठी! खरे तर याच केंद्रीय नियमांत, निरोप समारंभाविषयीच्या कलमाला जोडून, एक टीप फार शहाणपणाची आहे. निरोपाच्या वर्गणीसाठी कोणावरही दडपण आणू नये आणि वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्याच्या मेजवानीसाठी ‘क’ व ‘ड’ गटांतील कर्मचाऱ्यांकडून कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करू नये, असे ती सांगते. येथे रकमेचा प्रश्नच नाही. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, एवढेच पाहिले आहे.

गुरुदक्षिणेची परंपरा पुढे करणाऱ्यांनी एकलव्याचा अंगठा विसरू नये. कृतज्ञता मोठीच गोष्ट आहे, पण सत्तेचा संबंध संपल्यावर ती व्यक्त व्हावी. पदवी हाती पडल्यावर विद्यार्थ्याने ग्रंथालयाला पुस्तक दिले तर कोण अडवणार? सेवाग्रामच्या जिल्ह्याला तरी हा विवेक परका नसावा. १९०१ साली नाताळ सोडताना गांधींना मिळालेले सोन्याहिऱ्यांचे नजराणे त्यांनी विश्वस्त निधी करून तेथील समाजाच्या कामासाठी ठेवले. सार्वजनिक सेवेमुळे आलेली वस्तू सेवकाची नव्हे, असा त्यांचा हिशेब होता. कस्तुरबांना मिळालेला हारही त्यात गेला. पुढे येणाऱ्या सुनांसाठी तो ठेवू पाहणाऱ्या कस्तुरबांचे म्हणणे अगदीच बिनतोड नव्हते असे नाही, आणि त्यांची संमती काहीशी ओढूनच घेतली गेली, हेही नोंदवले पाहिजे. तत्त्व मात्र टिकले.

समाजवादी कार्यकर्त्यांनी चालविलेल्या संस्थाही या रोगापासून मुक्त राहिलेल्या नाहीत. सत्कार समित्यांच्या पावतीपुस्तकांवर आपल्या लोकांची नावे आढळतात. म्हणून आरंभ घरापासून व्हावा. अधिसभांवर शिक्षक व पदवीधर मतदारसंघांतून जाणाऱ्या पुरोगामी सभासदांनी, आपापल्या विद्यापीठात एक ठराव आणावा: विद्यार्थी, संशोधक, तासिका तत्त्वावरील अध्यापक व चतुर्थश्रेणी कर्मचारी यांच्याकडून, त्यांच्यावर अधिकार असलेल्या कोणीही, कोणत्याही किमतीची भेट वा पाहुणचार घेऊ नये; जबाबदारी सर्वस्वी घेणाऱ्याची असावी; आणि मौखिक परीक्षेचा चहासुद्धा विद्यापीठाच्या खर्चाने व्हावा.