पंचाची खुर्ची आणि आमचा सुशिक्षित वर्ग

जळगांव तालुक्यांतील भादली बुद्रुक येथें २०२१ च्या जानेवारींत ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. तींत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवार ५६० मतें मिळवून निवडून आल्या. एका खेड्यांतील एका जागेचा हा निकाल; त्यासाठीं मासिकाचीं पानें कशास खर्चावीं, असें कोणी विचारील. परंतु मतदानापूर्वीं जें घडलें, तें आमच्या सुशिक्षित वर्गानें लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे.

पाटील यांनीं स्त्रियांसाठीं राखीव असलेल्या प्रभागांतून अर्ज भरला होता. निवडणूक अधिकाऱ्यानें तो फेटाळला. त्याविरुद्ध त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेल्या आणि २ जानेवारी २०२१ रोजीं न्यायमूर्ति रवींद्र घुगे यांनीं तो निर्णय रद्द केला. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं व संसदेनें २०१९ च्या कायद्यानें मान्य केला होता; त्याचा आधार या निकालास मिळाला. यापुढें जन्मभर आपण स्त्री म्हणूनच राहूं, सोयीप्रमाणें पुरुष म्हणवून घेणार नाहीं, असें पाटील यांनीं न्यायालयास सांगितलें होतें.

यावर कांहीं सुशिक्षित गृहस्थ म्हणतात कीं, स्त्रियांनीं प्रयासानें मिळविलेल्या जागांत हा नवा वाटेकरी कशास? आक्षेप क्षुल्लक नाहीं. परंतु उमेदवारी म्हणजे जागा नव्हे. जागा मतदारांनीं दिली, आणि मतदारांत गांवच्या स्त्रियाही होत्या. शिवाय स्त्रियांच्या हक्कांची एवढी काळजी वाहणारे हे गृहस्थ, पत्नीस निवडून आणून कारभार स्वतः हांकणाऱ्या पतिराजांविषयीं कधीं चकार शब्द तरी काढतात काय?

या तर्कटाचा परिणाम मध्यप्रदेशांत दिसून आला आहे. कटनी शहरानें कमला जान यांस महापौर म्हणून निवडलें होतें. पद स्त्रियांसाठीं राखीव, आणि त्या स्त्री नव्हेत, म्हणून ती निवड रद्द झाली. २००३ सालीं तेथील उच्च न्यायालयानेंही तेंच कायम केलें. आमच्याकडे मात्र सोलापूर जिल्ह्यांतील तरंगफळ या गांवानें २०१७ सालीं ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच केलें. आपलें काम कोण करील, एवढेंच त्या गांवकऱ्यांनीं पाहिलें असावें.

आतां आम्ही पुणेकर. आगरकरांनीं १८८८ सालीं याच शहरांत ‘सुधारक’ काढला, याचा आम्हांस अभिमान आहे. पण चौकांत टाळी ऐकूं आली कीं आमच्या मोटारीची कांच वर होते. लग्नघरीं तीच टाळी वाजली तर नोट देऊन वाट लावली जाते. त्यांना घर भाड्यानें द्यावयाचें नाहीं, नोकरी द्यावयाची नाहीं, आणि मग हे लोक भीक कां मागतात, असेंही आम्हींच विचारावयाचें! त्यांतील एकीनें भिक्षा सोडून मतें मागितलीं, तर अर्जावरील शब्दाचा कीस काढावयाचा!

मतांची भिक्षा मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. ती घालावी कीं न घालावी, हें मतदारानें ठरवावें; दारांतच अडविण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?