थंडीआधी खिडक्या
इंग्लंडातल्या जुन्या घरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना कळकळीनं सांगते, दुहेरी काचांचं काम उन्हाळ्यातच ठरवा. मापं घेतल्यावर खिडक्या बनून यायला काही आठवडे जातात. उष्णता अडवते ती दोन काचांमधली बंदिस्त पोकळी, बहुधा १६ मिलिमीटरची, आर्गॉन वायूनं भरलेली. एकेरी काचेचं यू-मूल्य, म्हणजे उष्णता किती निसटते त्याचं माप, पाचच्या आसपास, चांगल्या नव्या खिडकीचं १.४ किंवा त्याहून कमी. हा आकडा लेखी घ्याच. चौकटीतली हवेची झडप मात्र बुजवू नका. स्वयंपाकाची वाफ कोंडली की भिंतीला बुरशी धरते, आणि घरात लहान मूल असेल तर ती फारच वाईट. जुन्या दुहेरी काचांच्या आत धुकं दिसत असेल, तर आधी चौकट तपासून घ्या. ती शाबूत असेल तर नुसत्या काचा बदलून भागतं.